मूल शब्द सोडून चित्रच वाचतंय? आधी हे तपासून बघा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पालकांकडून एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळते. ‘ताई, अंकलिपी अ पासून ज्ञ पर्यंत धडाधडा म्हणतो, पण हाताने चित्र झाकलं की गप्प.’ ‘गोष्टीचं पुस्तक अख्खं वाचून दाखवते, पण त्यातलाच शब्द वहीत लिहून दिला तर ओळखत नाही.’ ‘घ च्या पानावर घर लिहिलंय तर हा झोपडी म्हणतो.’ मी बालवाडीत शिकवते, तीन ते सहा वयाची मुलं, आणि हा प्रश्न दर वर्षी येतो, अगदी हुशार, चुरूचुरू बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीतही येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी, मुलाला ओरडू नका. ‘चित्राकडे बघू नको, अक्षराकडे बघ’ असं कितीही वेळा म्हटलं तरी उपयोग होत नाही, कारण वाचायचं म्हणजे त्या काळ्या रेघांकडे बघायचं असतं हेच मुलाला अजून माहीत नसतं. बघा ना, मूल आठ-दहा महिन्यांचं असल्यापासून आपण पुस्तक उघडून काय विचारतो? ‘भू-भू कुठंय? चिऊ दाखव.’ आपलं बोट चित्रावर, त्याचं बोट चित्रावर, बरोबर दाखवलं की शाब्बास. हे चांगलंच आहे, भाषा त्यातूनच येते, ते बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण या सगळ्या काळात अक्षरांवर बोट कुणीच ठेवलेलं नसतं. मग मोठं माणूस पुस्तक धरून बोलायला लागलं की ती गोष्ट येते कुठून, तर मुलाच्या हिशोबाने चित्रातून. २००५ साली कॅनडातल्या मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन या संशोधकांनी गोष्ट ऐकताना लहान मुलांची नजर पानावर कुठे कुठे फिरते ते खास यंत्राने टिपलं होतं, तर मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच बघत होती, मजकुराची मांडणी बदलली, चित्रं बदलली तरी तेच. म्हणजे तुम्ही रोज रात्री नेमाने गोष्ट वाचून दाखवत असाल तरी मुलाने अक्षरांकडे पाहिलंच असेल असं धरून चालू नका.

आता पुढचं सगळं करताना एक गोष्ट मनात ठेवा. मूल तोंडाने काय म्हणतंय यापेक्षा त्याचं बोट आणि नजर कुठे आहे ते बघा. घ च्या पानावर ‘झोपडी’ म्हणणारी दोन मुलं असतात, एकाचं बोट चित्रावर असतं आणि दुसऱ्याचं बोट ‘घर’ या शब्दावर असतं. तोंडचं उत्तर एकच, पण दुसरं मूल बरंच पुढे आलेलं आहे, त्याला कळलंय की लिहिलेलं वाचायचं असतं, फक्त काय लिहिलंय ते चित्रावरून ठरवतंय. पहिल्याला मात्र अजून तेही कळलेलं नाही. दोघांना एकच उपाय करून चालणार नाही, आणि ‘झोपडी नाही, घर म्हण’ असं सांगून तर दोघांचंही काही सुधारत नाही, फक्त एक उत्तर पाठ होतं.

‘कुठून वाचू?’

मुलाच्या ओळखीचं नसलेलं एखादं पुस्तक घ्या, एका पानावर चित्र आणि दोन-तीन ओळी मजकूर असलेलं. पुस्तक त्याच्याच हातात द्या आणि सहज विचारा, ‘मी वाचते हं आता, बोट ठेवून दाखव ना, कुठून वाचू?’ बस्स एवढंच. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७२ मध्ये मुलांना छापलेल्या मजकुराची कितपत समज आहे ते बघायला एक छोटी पुस्तिका घेऊन चाचणी तयार केली होती, त्यातही हा प्रश्न आहे, पुढे मग कुठल्या दिशेने जायचं, ओळ संपली की कुठे, वगैरे. पण पहिलं दार हेच. बोट चित्रावर गेलं तर ‘चूक’ म्हणू नका, ‘हो, हे वाघाचं चित्र, छान आहे, आणि मी वाचणार ते इथून’ असं म्हणून आपलं बोट ओळीखाली ठेवा आणि वाचायला लागा.

इथून पुढे रोजच्या गोष्टीत हेच करायचं, पण थोडं. अख्खं पुस्तक बोट फिरवत वाचलं तर गोष्टीची मजा जाते आणि मूल उठून जातं. एका गोष्टीत दोन-तीन जागा पुरे. आवाजाचे शब्द यासाठी सगळ्यात भारी. ‘धप्प’, ‘खळ्ळकन’, ‘म्याऊ’ असं काहीतरी मोठ्या ठळक अक्षरात छापलेलं असतं, तिथे थांबा, ‘बघ, इथे लिहिलंय धप्प!’, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या पानावर येण्याआधीच मूल त्या शब्दावर बोट ठेवून ‘धप्प’ ओरडतं. त्याला एकही अक्षर येत नसतं, पण बोट बरोबर जागी पडलेलं असतं, आपल्याला सध्या तेवढंच पाहिजे. अमेरिकेत लॉरा जस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाड्यांमध्ये हेच करून पाहिलं, गोष्ट वाचताना शिक्षकांनी मजकुराकडे मुद्दाम लक्ष वेधायचं, प्रश्न विचारायचे, बोट ठेवायचं, आणि २०१२ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात अशा वर्गांतल्या मुलांना दोन वर्षांनंतरही वाचनात फायदा दिसत होता. यात जास्तीचा खर्च नाही की वेगळा वेळ नाही, म्हणून मी सगळ्यांना सुरुवात इथून करायला सांगते.

चिठ्ठी सरकवून बघा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी. टोरंटोच्या मानसशास्त्रज्ञ एलन बायलस्टॉक यांनी ही मुलांवर पुष्कळ वापरली. दोन चित्रं घ्या, समजा बदक आणि मांजर. एका चिठ्ठीवर मुलाच्या समोर ‘बदक’ लिहा आणि सांगा, ‘यावर मी बदक लिहिलंय.’ चिठ्ठी बदकाच्या चित्राखाली ठेवा, विचारा, काय लिहिलंय? ‘बदक.’ आता हात लागून सरकल्यासारखं करून ती चिठ्ठी मांजराखाली जाऊ द्या, आणि पुन्हा विचारा, यावर काय लिहिलंय?

चार वर्षांची बरीच मुलं अगदी शांतपणे सांगतात, ‘मांजर.’ चिठ्ठी परत बदकाखाली आणली की परत ‘बदक’. त्यांना यात काही विचित्र वाटत नाही. त्यांच्या लेखी कागदावरच्या खुणांना स्वतःचा असा अर्थच नसतो, ज्याच्या शेजारी ठेवलं त्याचं ते नाव. पाच ओलांडून सहाकडे जाताना हे हळूहळू जमायला लागतं. आणि महत्त्वाचं म्हणजे अक्षरं ओळखणारी, आवाज सांगणारी मुलंसुद्धा यात चुकतात, म्हणून ‘याला सगळी मुळाक्षरं येतात’ हे ऐकून मी कधी निश्चिंत होत नाही. जोपर्यंत लिहिलेला शब्द कुठेही नेला तरी तोच राहतो हे मुलाला कळत नाही तोपर्यंत मुळाक्षरं म्हणजे त्याच्यासाठी नुसत्या आकारांची नावं, त्यांचा वाचण्याशी संबंध त्याने जोडलेलाच नसतो, आणि इथे मूल अडलेलं असताना बाराखडी गिरवून घेणं म्हणजे त्याला आणि स्वतःला दमवणं आहे.

काय करायचं? चित्रं बाजूला ठेवा आणि खऱ्या वस्तू घ्या. हे मला फार उपयोगी पडतं. चित्रही कागदावरचं, शब्दही कागदावरचा, दोन्ही शाईचे, म्हणून लहान मुलाची गल्लत होते, पण खरी वाटी आणि ‘वाटी’ लिहिलेली चिठ्ठी यात गल्लत व्हायचं कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जी बालवाडी उभी केली ती शिंपले, पानं, बिया, दगड अशा हाताशी असलेल्या वस्तूंवरच, आणि आज घरात महागडी फ्लॅशकार्डं असली तरी वाटी-चमचा-कंगवा यांना पर्याय नाही. तर वाटी, चमचा, कंगवा ओट्यावर मांडा, तीन चिठ्ठ्या मुलासमोर लिहा, मोठ्याने म्हणत लिहा, आणि वस्तूंपुढे ठेवा. मग मुलाला डोळे मिटायला सांगून दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. ‘उंदराने चिठ्ठ्या पळवल्या, आता बघ बरं कुठली कुठे गेली.’ पहिल्यांदा त्याला कळणार नाही, तुम्हीच वाचून दाखवा, ‘अगं बाई, वाटीपुढे चमचा लिहिलंय!’ मुलांना हे प्रचंड आवडतं. काही दिवसांनी मूलच उंदीर होतं आणि तुम्हाला चिठ्ठ्या शोधायला लावतं.

जी मुलं अडतात त्यांना मी एवढंच विचारते, ‘तू आजीकडे गेलीस की तुझं नाव आजी होतं का?’ ‘नाही, माझं नाव माझंच.’ ‘मग चिठ्ठीचं पण तसंच. ती मांजराकडे गेली तरी तिच्यावर बदकच लिहिलंय.’ लगेच पटतंच असं नाही, पण चिठ्ठी हलवताना हे वाक्य पुन्हा पुन्हा कामाला येतं.

घरभर दार, फ्रिज, कपाट अशी लेबलं लावायची पद्धत आहे, छान दिसतात, पण नुसती लावून ठेवली तर मूल दार बघून ‘दार’ म्हणतं, लेबल कुणी वाचत नाही. एखाद्या रविवारी दारावर ‘फ्रिज’ लावून ठेवा आणि काहीच बोलू नका. ज्या दिवशी मूल ओरडत येईल की आई हे चुकीचं लावलंय, त्या दिवशी त्याला शब्द दिसायला लागले असं समजा.

इंग्लिश मिडियमवाले आणि परदेशातले पालक विचारतात की घरी मराठी, शाळेत इंग्रजी, दोन लिप्यांमुळे गोंधळ होत असेल का. याच चिठ्ठीच्या चाचणीत बायलस्टॉक यांना दोन भाषांत वाढणारी मुलं एका भाषेतल्या मुलांपेक्षा पुढे दिसली होती. शब्द लिहिलेला असतो तसाच राहतो ही समज एकदा आली की ती दोन्हीकडे चालते, त्यामुळे मराठी चिठ्ठ्या बिनधास्त लिहा.

तक्ता आणि अंकलिपी

आता या तक्त्यांबद्दल जरा मनापासून लिहायचंय, कारण निम्मा गोंधळ इथे तयार होतो. तक्त्यावर एका चौकोनात मोठं रंगीत चित्र, कोपऱ्यात अक्षर, खाली बारीक अक्षरात शब्द. मुलाची नजर कुठे जाणार? त्यात चित्रं अशी की आजच्या मुलाने ती वस्तू पाहिलेलीच नसते. ऐ ऐरणीचा, तर मूल म्हणतं हातोडा. औ औताचा, चित्रात बैल मोठे आणि औत मागे कुठेतरी, मूल म्हणतं बैल. उ उखळाचा, मूल म्हणतं डमरू. ए एडक्याचा, मूल म्हणतं मेंढी किंवा बकरी. मग आपण काय करतो, बोट चित्रावर आपटत ‘औत, औत म्हण’ करतो, म्हणजे आपणच पुन्हा त्याचं लक्ष चित्रावर नेलं, आणि औ हे अक्षर बिचारं कोपऱ्यात राहिलं.

ण आणि ळ ची तर वेगळीच तऱ्हा, या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत म्हणून ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’. मूल ण च्या चौकोनावर ‘ब बाणाचा’ म्हणालं तर प्लीज त्याला चुकलास म्हणू नका. त्याने बाण या शब्दातला पहिला आवाज बरोबर ओळखलाय, ही फार मोठी गोष्ट आहे, तक्ता त्याला मदत करत नाहीये इतकंच. तिथे ‘हो, बाणाची सुरुवात ब ने होते, आणि शेवटी काय ऐकू येतं? बा…ण’ असं करून शेवटच्या आवाजाकडे न्या.

तक्ता फेकून द्यायची गरज नाही. पण शिकायची कार्डं घरी बनवा आणि चित्र कार्डाच्या मागच्या बाजूला ठेवा. पुढे फक्त शब्द, काळ्या स्केचपेनने, चांगला मोठा. मूल आधी शब्द बघतं, अंदाज करतं, मग कार्ड उलटून स्वतःच तपासतं. एवढ्या एका बदलाने फार फरक पडतो. चित्र शब्दाच्या शेजारी असलं तर मुलाला शब्द बघायची गरजच उरत नाही, उत्तर फुकटात मिळतं. अमेरिकेत एस. जे सॅम्युएल्स या संशोधकांनी १९६७ मध्ये हे नीट तपासलं होतं, चित्रासोबत शब्द शिकणारी मुलं शिकताना जोरात उत्तरं देत होती, पण चित्र काढून घेऊन परीक्षा घेतली तर चित्राशिवाय शिकलेली मुलं पुढे. घरच्या फ्लॅशकार्डाचं हेच होतं, म्हणून ‘घरी सगळं येतं, शाळेत येत नाही’ अशी तक्रार येते.

कार्डावर शब्द मुलाच्या आवडीचे घ्या, मोदक, सायकल, मामा, घरच्या कुत्र्याचं नाव. ऐरण नंतर शिकेल. आणि डोळे, नाक, हात-पाय काढलेली अक्षरं मिळतात ना बाजारात, हसणारा क वगैरे, ती या टप्प्यावर नकोत. मूल त्याला ‘जोकर’ म्हणतं आणि ते बरोबरच म्हणतं, कारण ते चित्रच आहे.

पुड्यावरचं नाव ओळखतो, म्हणजे वाचतो का?

नाही. पार्ले-जी चा पुडा दिसला की दोन वर्षांचं मूलसुद्धा नाव घेतं, ते पिवळ्या पुड्यावरून आणि त्यावरच्या बाळाच्या चित्रावरून. १९८४ मध्ये लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोगो झटकन ओळखणाऱ्या मुलांना पेप्सीचा लोगो दाखवला, ज्यात पहिलं अक्षर बदलून एक्स टाकला होता. बहुतेक मुलांनी पेप्सीच वाचलं, बदल लक्षातच आला नाही.

तरी पुडे टाकून देऊ नका, कामाचे आहेत. आधी पुडा, मग त्यावरचं फक्त नाव कापून, मग तेच नाव साध्या कागदावर तुमच्या अक्षरात. मूल कुठल्या पायरीवर अडतं ते बघा, तिथे रेंगाळा. आणि बाहेर जाताना चित्र नसलेला मजकूर दाखवा. एसटीची पाटी यासाठी उत्तम, नुसता शब्द, मोठा, आणि खरोखर गरजेचा, कारण त्यावरून ठरतं आपण कुठल्या गाडीत चढायचं. ‘आपल्याला वाईला जायचंय, बघ बरं वाई कुठल्या गाडीवर लिहिलंय.’ मेडिकलच्या पाटीवर अधिकची खूण असते आणि दुकानाचं नावही असतं, तिथे विचारा, वाचायचं कुठलं आणि नुसती खूण कुठली?

‘हत्ती’ एवढासा कसा?

एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की या दोघींनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करून १९७९ मध्ये जे मांडलं ते वाचल्यापासून मुलांची बरीच ‘चुकीची’ उत्तरं मला कळायला लागली. चार-पाच वर्षांच्या मुलांचे लिहिण्याबद्दल स्वतःचे नियम असतात. एक नियम असा की फार कमी अक्षरं असतील तर ते वाचण्यासारखं नसतं, साधारण तीन तरी पाहिजेत. आपल्याकडे तर ‘मी’ एका अक्षराचा, ‘आई’, ‘घर’ दोन अक्षरांचे. मूल ‘घर’ या शब्दावर बोट ठेवून ‘हे नाही वाचायचं, हे थोडंसंच आहे’ म्हणालं तर ते आळस करत नाहीये. दुसरा नियम असा की लिहिलेली असतात ती फक्त वस्तूंची नावं. ‘मुलगा चेंडू खेळतो’ वाचून दाखवलं आणि विचारलं काय काय लिहिलंय, तर मुलगा आहे, चेंडू आहे, ‘खेळतो’ मात्र लिहिलेलंच नाही असं सांगतात.

तिसरा सगळ्यात गमतीचा, मोठ्या वस्तूचा शब्द मोठा असला पाहिजे. ‘हत्ती’ आणि ‘फुलपाखरू’ दोन चिठ्ठ्यांवर लिहा, वाचून दाखवू नका, फक्त विचारा यातला हत्ती कुठला असेल? लांबलचक चिठ्ठीवर बोट जातं. अजून शब्दाचं नातं आवाजाशी जोडलं गेलेलं नाही, ते प्राण्याशीच जोडलेलं आहे, म्हणजे चित्राचाच पगडा, फक्त आता तो शब्दात घुसलाय. यावर उपाय टाळ्या. हत्ती, दोन टाळ्या. फुल-पा-ख-रू, चार टाळ्या. टाळ्या वाजवून झाल्या की चिठ्ठ्या पुन्हा समोर ठेवा आणि विचारा, जास्त टाळ्या कुणाला लागल्या, मग कुठला लांब असेल? उंट-कोकिळा अशा जोड्या घ्या. हा खेळ गाडीत, रिक्षात, कुठेही चालतो. कधीकधी मुलाच्या चेहऱ्यावर एकदम दिसतं की त्याला काहीतरी नवीन कळलंय, आणि मग ते दिसेल त्या वस्तूच्या टाळ्या वाजवत सुटतं.

पुस्तक पाठ झालंय, ते वाचणं का?

ही तक्रार खरंतर आनंदाची आहे. पाठ झालेलं पुस्तक हे सगळ्यात चांगलं साधन, कारण काय लिहिलंय ते मुलाला आधीच माहीत आहे, आता फक्त कुठे लिहिलंय ते शोधायचं. त्याला बोट ठेवून म्हणायला सांगा. सुरुवातीला बोट नुसतं सरकत जातं, मग एकेका आवाजाला एकेक शब्द खर्च होतो, ‘सा-य-कल’ म्हणताना तीन शब्द ओलांडले जातात आणि ओळ संपते तेव्हा तोंडात अर्धं वाक्य शिल्लक असतं. मूल थांबतं, परत मागे जातं. त्याला थांबू द्या, मध्ये बोलू नका, हे गणित त्यालाच जुळवायचंय.

मराठीत इथे एक अडचण आहे आणि एक सोय आहे. अडचण अशी की आपले शब्द लांब होतात, ‘झाडावरून’, ‘आईबरोबर’, हे एकच शब्द, मुलाला ते दोन वाटतात आणि बोट पुढे पळतं. म्हणून सुरुवातीला छोट्या शब्दांच्या ओळी घ्या, ‘ये माऊ ये, दूध पी’ असल्या, तुम्हीच लिहा. आणि सोय म्हणजे डोक्यावरची रेघ. जिथपर्यंत रेघ सलग आहे तिथपर्यंत एक शब्द, रेघ तुटली की शब्द संपला. मी मुलांसमोर लिहिते तेव्हा आधी सगळी अक्षरं काढते आणि रेघ शेवटी ओढते, ती ओढायला मुलांना देते, ‘हा शब्द बांधून टाक’ म्हणून. ‘झाडावरून’वर लांबच लांब रेघ ओढल्यावर हा एकच शब्द आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. चित्रात अशी रेघ कुठेच नसते हेही मुलंच शोधून काढतात.

तो बोलेल, तुम्ही लिहा

एवढ्या सगळ्यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर हे एक करा. मूल चित्र काढतं, काढू द्या. झालं की विचारा, यात काय चाललंय? ते जे बोलेल ते त्याच शब्दांत, त्याच्या डोळ्यांदेखत चित्राखाली लिहा, व्याकरण सुधारू नका. ‘बाबाची गाडी पंचर झाली आणि पाऊस आला आणि आम्ही भजी खाल्ली.’ मग बोट ठेवून वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी परत तेच पान वाचा, शब्दन् शब्द तोच निघाला की मुलाला आश्चर्य वाटतं. संध्याकाळी बाबा वाचतात, त्यांच्याही तोंडून तेच निघतं. चित्र बघून बाबा कदाचित वेगळं काही सांगतील, पण लिहिलेलं वाचून सगळे एकच सांगतात. हा फरक मुलाला स्वतःच्या चित्रावर, स्वतःच्या वाक्यावर जितका लवकर कळतो तितका दुसऱ्या कशानेही कळत नाही.

मूल म्हणेल मीच लिहितो, आणि नागमोडी रेघोट्या ओढेल. छान. बघा, चित्र काढताना त्याचा हात गोल गोल फिरतो आणि ‘लिहिताना’ ओळीत जातो, म्हणजे दोन्ही वेगळं आहे हे हाताला कळलंय. ‘काय लिहिलंस, वाच ना’ म्हणा आणि ऐका. घरात आजी-आजोबांना वाचता येत नसेल तरी हे ऐकायला ते सगळ्यात चांगले, त्यांना घाई नसते.

स्वतःचं नाव मात्र मुलाला चित्राशिवाय ओळखता आलं पाहिजे. आमच्याकडे दप्तराच्या खुंटीवर सुरुवातीला नावाशेजारी स्टिकर असतो, ससा, विमान वगैरे, कारण पहिल्या दिवसांत मूल हरवल्यासारखं होऊ नये. दिवाळीनंतर स्टिकर अर्धा कापतो, मग कोपऱ्यात छोटा तुकडा, मग नुसतं नाव. घरी डब्यावर, बाटलीवर, चपलेच्या कप्प्यावर हेच करता येईल. एकदम स्टिकर काढू नका, मूल रडकुंडीला येतं.

किती दिवस वाट बघायची

तीन-साडेतीनचं मूल चित्र वाचत असेल तर काहीच करू नका, भरपूर गोष्टी वाचा. चारच्या पुढे वर लिहिलेले खेळ सुरू करा, आठवड्यातून काही वेळा, दहा मिनिटांच्या वर ताणू नका. पहिलीचं वर्ष अर्ध्यावर आलं, हे सगळं नेमाने करून झालं आणि तरीही चिठ्ठी सरकवली की शब्द बदलतो, स्वतःचं नाव ओळखता येत नाही, किंवा टाळ्यांचा खेळ अजिबात जमत नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. सतत सर्दी होऊन कानात पाणी राहणारी मुलं नीट ऐकत नसतात आणि घरात ते लक्षातही येत नाही, आवाजच स्पष्ट पोचत नसेल तर टाळ्या कशा जुळणार. बोलणं उशिरा सुरू झालेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि हे खेळ तेवढ्यासाठी थांबवू नका, तपासण्या चालू असतानाही उंदराने चिठ्ठ्या पळवायला काही हरकत नाही.